बिनदांड्याचं फावडं

निकेशच्या कॉफीचं कौतुक करंजाड्यात सगळ्यांना होतं, फक्त त्याच्या आईला नव्हतं. चंद्रावतीबाई सकाळी चहाच प्यायच्या, तोही बशीत ओतून. लेकाने एकदा मोठ्या प्रेमाने परदेशी बियांची काळी कॉफी करून दिली, तेव्हा एक घोट घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "औषध बरं हाय. कशावर देतात?" निकेश पोट धरून हसला होता आणि पुढे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्याने ही गोष्ट सांगितली होती.

त्या सोमवारी सकाळी मात्र घरात कोणी हसत नव्हतं. निकेशची बायको पूर्वी फाइलीत कागद लावत होती, आणि थोरली बहीण अंकिता ओट्याशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. वडिलांच्या, म्हणजे बळीरामबुवांच्या, वर्षश्राद्धासाठी ती मुलीला घेऊन आदल्या दिवशीच सासरहून, आपट्याहून आली होती. तिची मालू पाचवीतली. आजीने केलेला रव्याचा लाडू हातात घेऊन ती टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत डोकावत होती. पिशवीत पनवेलच्या बाजारातून आणलेली नवी कोरी साडी होती, जांभळी, मोराच्या काठाची.

ह्या साडीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण अशी साडी वाचकांपैकी पुष्कळांच्या घरात दिली गेली असेल. वडील गेले की वारस म्हणून आई, भाऊ, बहीण अशी सगळ्यांची नावं लागतात. कायदा बहिणीला भावाइतकाच वाटा देतो. मग वडीलधारी माणसं बहिणीला माहेरी बोलावून घेतात, गोडधोड करतात आणि रजिस्टर ऑफिसात नेतात. तिथे ती 'माझा हक्क मी राजीखुशीने सोडत आहे' अशा कागदावर सही करते आणि घरी परतल्यावर तिची ओटी भरून तिला साडी देतात. ह्याला कोणी लुबाडणं म्हणत नाही. ह्याला माहेर राखणं म्हणतात. पनवेल-उरणच्या गावांतली भातखाचरं नव्या शहरासाठी गेली, मिठागरं गेली, त्यांच्या बदल्यात प्लॉट आले आणि प्लॉटांवर टोलेजंग इमारती आल्या. जमिनीचे भाव आभाळाला भिडले, पण बहिणीची साडी होती तिथेच राहिली.

बळीरामबुवांच्या जमिनीच्या बदल्यात करंजाड्याला असाच एक प्लॉट मिळाला होता आणि त्यावर दुमजली घर उभं होतं. निकेशला तो प्लॉट बँकेकडे तारण ठेवायचा होता. कळंबोलीतल्या भाड्याच्या गोडाऊनमध्ये त्याचा कॉफी भाजण्याचा धंदा होता, तो आता त्याला वाढवायचा होता. बँकेला सगळ्या वारसांच्या सह्या हव्या होत्या.

अंकिताने शेवटची भाकरी तव्यावर टाकली आणि भावाकडे न बघताच विचारलं, "निकेश, एक बोलू?"

"बोल की ताई."

"तळमजल्याची मागची खोली रिकामीच हाय. तिथं मी नि मालू राहू. बाकी मना काय नको."

खोली मागायची वेळ का आली ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अंकिताचा नवरा काशिराम कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ट्रेलर घेऊन जायचा. दीड वर्षापूर्वी घाटात ट्रेलर उलटला आणि तो गेला. तेव्हापासून आपट्याच्या घरात दीर तिच्याशी बोलत नव्हता आणि जाऊ नको ते बोलत होती. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि नव्या जोडप्याला अंकिताची खोली हवी होती.

"ताई, तू काय परकी आहेस का?" निकेश म्हणाला. "आधी हे पेपर्सचं काम होऊ दे. मग मी आणि पूर्वी कॉफीसाठी युगांडाला जाऊन येतो. आल्यावर बघू."

'बघू' म्हणजे नाही, हे मराठी घरातल्या बाईला कळतं. तरी ती त्या शब्दावर विश्वास ठेवते, कारण दुसरं धरायला तिच्याकडे काही नसतं. अंकिताने आईकडे पाहिलं.

"सही करून टाक, पोरी," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "भावाशी वाकडं घेतलंस तर सणाला कोण आणील तुला? मीसुदा केली होती माज्या भावांना. मना काय कमी पडलं?"

काय कमी पडलं होतं ते त्यांचे हात बघून कोणीही सांगितलं असतं. हक्क सोडून सासरी आलेल्या ह्या बाईने उभी हयात दुसऱ्याच्या मिठागरात फावडं ओढलं होतं. पण असले प्रश्न बायका स्वतःला विचारत नाहीत, आणि म्हणून मुलींनाही विचारू देत नाहीत.

रजिस्टर ऑफिसात अंकिताचं काम चहा थंड व्हायच्या आत झालं. फोटो निघाला, अंगठा उमटला, सही झाली. साक्षीदार म्हणून पूर्वीने सही केली. ती शिकलेली, शांत मुलगी. कागद वाचताना 'राजीखुशीने' ह्या शब्दापाशी ती किंचित थांबली, आणि मग सगळे वाट बघताहेत म्हणून तिने सही ठोकली.

अडलं ते चंद्रावतीबाईंपाशी. त्यांचाही तिसरा हिस्सा होता आणि तोही सोडायचा होता. पण मशीन त्यांचा अंगठा घेईना. हात धुऊन झाले, पदराला पुसून झाले, दुसरी बोटं लावून झाली. मशीनवरचा मुलगा शेवटी दमून म्हणाला, "आजींच्या बोटांवर रेघाच राहिल्या नाहीयेत. आधार अपडेट करून आणा, मग बघू." इतक्या वर्षांच्या मिठाने त्या रेघा खाल्ल्या होत्या. निकेश वैतागला. आईचं काम परदेशातून आल्यावर करायचं ठरलं. चंद्रावतीबाईंना मात्र लाज वाटली. आपल्यामुळे लेकाचा खोळंबा झाला, असं त्या घरी येईपर्यंत म्हणत राहिल्या.

घरी अंकिताची ओटी भरली गेली. तिने जांभळी साडी कपाळाला लावली, भावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मालूला घेऊन आपट्याला परत गेली.

*

निकेश वाईट माणूस नव्हता, आणि ह्या गोष्टीतलं खरं दुःख तेच आहे. वाईट माणूस कोणालाही ओळखू येतो. निकेशने पुष्कळ वाचलं होतं. कॉफी पिकवणाऱ्याच्या हातात काय पडतं आणि मधले लोक काय गिळतात, हे तो तासन्‌तास तळमळीने सांगत असे. दलालांना टाळून, शेतकऱ्यांच्या दारात जाऊन, त्यांचा माल न्याय्य भावाने घ्यायचा, हे त्याचं स्वप्न होतं आणि ते खोटं नव्हतं. न्याय फार लांब असला की तो करायला माणसाला आवडतं.

युगांडात एल्गॉन पर्वताच्या उतारावर एका गावात विधवांची एक लहानशी सहकारी संस्था होती. लाल माती, केळी, मधूनमधून फणस. पूर्वी गाडीच्या खिडकीतून बघत म्हणाली, "अरे, हे तर आपल्या कोकणासारखंच आहे." बायकांनी त्यांना आपापल्या बागा दाखवल्या, कॉफीची लाल फळं सोलून दाखवली, ओसरीवर बसवून उकडलेली केळी खाऊ घातली. रूथ नांबोझो नावाची उंच, सावकाश बोलणारी बाई संस्थेची अध्यक्ष होती. तिने आपली हकीगत सांगितली. नवरा मेला तेव्हा त्याच्या भावांनी तिला लेकरांसकट बाहेर काढलं होतं, कारण जमीन पुरुषांची असते असाच तिथला रिवाज होता. संस्थेतल्या प्रत्येक बाईची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच होती. त्या एकत्र आल्या, गावच्या म्हाताऱ्यांशी भांडल्या, कोर्टात गेल्या आणि एकेकीने आपली जमीन परत मिळवली. ज्या बाईच्या नावावर जमीन होते तिला संस्था फावड्याचं एक पातं देते, दांडा नसलेलं. दांडा तिने स्वतः तोडायचा आणि स्वतः बसवायचा.

निकेशचे डोळे हे ऐकताना खरोखर भरून आले होते. पूर्वी हे सगळं मोबाइलच्या कॅमेऱ्यात टिपत होती.

संध्याकाळी फणसाच्या झाडाखाली बैठक भरली. व्यवहार ठरण्याआधी तिथे एक रीत होती. माल घ्यायला आलेल्या माणसाने उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं की आपण कोणाचे, आपल्याला बहिणी किती आणि त्या कोणत्या जमिनीवर राबतात. "आमची कॉफी कोणत्या घरात जाते ते आम्हाला कळलं पाहिजे," रूथ म्हणाली. "भाव सगळेच चांगला सांगतात."

निकेश उभा राहिला. वडिलांचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं. मिठागराचं सांगितलं तेव्हा बायकांनी माना डोलावल्या. "आणि बहीण?" रूथने विचारलं.

त्याने आजूबाजूला पाहिलं. समोर त्या सगळ्या बाया, बाजूला बायकोच्या हातातला कॅमेरा.

"एक बहीण आहे, माझ्याहून मोठी," तो म्हणाला. "माझ्या जागेत आणि धंद्यात तिचा अर्धा वाटा आहे."

दुभाष्याने ते सांगितलं मात्र, सगळ्या बायका उठल्या. त्यांनी जिभेने तो त्यांच्याकडचा आनंदाचा आवाज काढला, फेर धरला, निकेशला मधे घेतलं. रूथने आत जाऊन एक पातं आणलं आणि ते दोन्ही हातांनी त्याच्या हातात ठेवलं. "हे तुझ्या बहिणीला दे," ती म्हणाली. "तिच्या जमिनीसाठी."

परतताना गाडी डोंगर उतरून खाली आली. मग पूर्वी म्हणाली, "का बोललास असं?"

"अगं, तिथे तसं बोलावं लागतं. काय सांगणार होतो मी?"

"खरं."

"खऱ्याने डील झालं असतं?" निकेश बाहेर बघत म्हणाला. "आणि ते पातं हॉटेलवरच ठेव. उगाच वजन."

पूर्वीने पातं जुन्या ओढणीत गुंडाळलं आणि आपल्या बॅगेत कपड्यांखाली ठेवलं. तिला ते टाकवेना, आणि नेऊन काय करणार तेही कळेना.

*

त्याच दिवसांत आपट्याच्या दिराने अंकिताचं सामान ओटीवर आणून ठेवलं. भांडणबिंडण झालं नाही. नवी सून यायची, खोलीला रंग द्यायचा, असं सांगून त्याने पेट्या बाहेर काढल्या आणि जावेने दाराला कडी घातली. अंकिता मालूला आणि दोन पेट्यांना घेऊन रिक्षाने करंजाड्याला आली.

दारात चंद्रावतीबाई उभ्या होत्या. लेकीला आत ये म्हणायला त्यांचा जीव तुटत होता, पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "निकेश घरात नाय गं. त्याला इचारते."

आईला स्वतःच्या घरात लेकीला घ्यायला विचारावं लागतं, ह्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. घर लेकाचं, हे त्यांनी कधीच मान्य करून टाकलं होतं. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर निकेश कॉफीच्या झाडांमध्ये उभा होता, मागे बायका गाणी म्हणत फळं खुडत होत्या.

"आई, समजून घे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "एकदा राहायला आली की मग तिला जा म्हणता येणार नाही. पूर्वीच्या माहेरचे काय म्हणतील? असं कर, गोडाऊनच्या मागच्या बाजूला जागा आहे. तात्पुरतं तिथे ठेव. तिला तिथे कामही देऊ."

चंद्रावतीबाई स्वतः रिक्षातून जाऊन लेकीला आणि नातीला कळंबोलीच्या गोडाऊनमध्ये सोडून आल्या. येताना त्यांनी पदर तोंडावर घेतला तो घर येईपर्यंत काढला नाही.

गोडाऊन म्हणजे पत्र्याची शेड. पुढे भाजण्याचं मशीन, मागे पोत्यांची थप्पी, थप्पीमागे चटई. दिवसभर मशीनची धग आणि धूर, पत्र्याबाहेर ट्रेलरचे भोंगे. संडास ट्रक टर्मिनलचा, तिथे ड्रायव्हर-क्लीनरांची रांग. अंकिता मालूला घेऊन जायची ती तिचा हात घट्ट धरून, आणि ती आत असेतोवर दाराला पाठ लावून उभी राहायची. मालूची शाळा आपट्यालाच राहिली. "आई, आपण इथंच राहणार?" ती विचारायची, आणि अंकिता म्हणायची, "मामा आला की बघू."

निकेश आला. खोलीचं कोणी काढलं नाही. अंकिता आता टेबलाशी बसून कॉफीच्या बियांतले खडे आणि किडके दाणे निवडत असे. तिने एकदाही भावाला दोष दिला नाही. तिला वाटत होतं की आपणच घाई करतोय, त्याच्या डोक्याला आधीच ताप फार आहे. दुसऱ्या कोणी तिच्या वतीने रागावावं असंही तिथे कोणी नव्हतं. पूर्वी यायची, मान खाली घालून काम करायची आणि जायची. त्या बाईच्या नजरेला नजर देणं तिला जमत नव्हतं.

महिन्याभरातल्या एका रविवारी निकेशने गोडाऊनमध्ये छोटा कार्यक्रम ठेवला. खारघर-वाशीचे कॉफीप्रेमी आले, दोन कॅफेवाले आले. शेड झाडून पुसून घेतली, थप्पीमागची चटई गुंडाळून ठेवली. नव्या कॉफीच्या पुड्यांवर रूथचा हसरा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'तिच्या हक्काची कॉफी'. अंकिता जांभळी साडी नेसून ट्रेमधून कप फिरवत होती. भावाचा कार्यक्रम म्हणून तिने मुद्दाम ती साडी काढली होती.

भिंतीवर फिल्म लागली. बागा, फळं, फणसाखालची बैठक. निकेशने ती स्वतः कापून जोडली होती, आणि त्याला स्वतःचं ते वाक्य आवडलं असलं पाहिजे, कारण ते त्याने ठेवलं होतं. सगळ्यांना तो भिंतीवर बोलताना दिसला: बहीण आहे, माझ्या जागेत आणि धंद्यात तिचा अर्धा वाटा आहे. टाळ्या पडल्या.

"वा," एक बाई म्हणाल्या. "आणि त्या आज आल्यात का? भेटायला आवडेल."

निकेशची नजर ट्रे धरलेल्या अंकितावर गेली आणि तिथून निघून दाराकडे गेली. "नाही," तो म्हणाला. "ती गावी असते."

मालू पोत्यांशी उभी होती. तिने तोंड उघडलं, आणि अंकिताने ट्रे एका हातात सावरत दुसऱ्या हाताने ते दाबून धरलं. कप किणकिणले. कोणाच्या लक्षात आलं नाही. पूर्वीच्या आलं.

पाहुणे गेल्यावर अंकिता भावापाशी गेली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, हे ऐकणाऱ्याला जास्त लागलं असतं. "निकेश, ते तू बोललास ते खरं हाय काय? अर्धा वाटा?"

"ताई," तो कप गोळा करत म्हणाला, "बाहेर तसं बोलावं लागतं."

*

दुसऱ्या दिवशी पूर्वी गोडाऊनला आली तेव्हा थप्पीमागे कोणी नव्हतं. पेट्या होत्या, चटई होती आणि चटईवर जांभळ्या साडीची घडी होती. फोन बंद होता. पूर्वी तशीच बाहेर पळाली. तिने रिक्षा वळवून करंजाड्याला नेली, सासूला बोलावलं आणि म्हणाली, "आई, चला. ताई नाहीयेत."

चंद्रावतीबाईंनी कुठे म्हणून विचारलं नाही. काशिरामची राख ज्या पाण्यात सोडली होती ते आपट्याचं पाणी त्यांना आठवलं. "पाताळगंगेवर घे," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, आणि मग सगळा रस्ता ओठ हलवत बसल्या.

भर दुपार होती. नदीच्या पायऱ्यांवर, पाण्याला लागून, अंकिता बसली होती. मालू तिच्या शेजारी होती आणि तिने आईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. पाणी अंकिताच्या घोट्यांवर होतं.

चंद्रावतीबाई पायऱ्या उतरल्या, चप्पल घालूनच पाण्यात गेल्या आणि लेकीच्या समोर उभ्या राहिल्या, म्हणजे तिच्या आणि नदीच्या मधे. अंकिताने वर बघितलं.

"हिला सांगितलं, तू आजीकडं जा," ती म्हणाली. "ही हातच सोडत नाय."

"अंकिता. पोरी."

"आई, तू सांग मी कुटं जाऊ. सासरचं दार गेलं, माहेरचं मीच सही करून दिलं. तू सांगशील तिथं जाते मी. पण सांग तरी."

साठ-पासष्ट वर्षं जगलेल्या त्या बाईला ह्या जगात हक्काने बोट दाखवावं अशी एक हात जागा सुचेना. आपल्याकडेही कधी नव्हती, आणि लेकीला होती ती आपणच घालवायला लावली, हे त्यांना त्या पाण्यात उभं असताना एकदम कळलं. त्या मोठ्याने रडल्या. कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघू लागल्या. पूर्वीने मालूला उचलून घेतलं आणि मग सासूसुना मिळून अंकिताला वर घेऊन आल्या.

त्या दुपारी घरी आल्यावर पूर्वीने आपल्या खोलीतून ओढणीत गुंडाळलेलं पातं आणलं आणि सासूपुढे ठेवलं. रूथची गोष्ट सांगितली, फणसाखालची रीत सांगितली, निकेश काय बोलला ते सांगितलं, आणि आपण साक्षीदार म्हणून सही केली होती तेही सांगितलं. चंद्रावतीबाई लोखंडावर हात फिरवत ऐकत होत्या.

"त्या बायांना त्यांच्या दिरांनी साडी दिली होती काय?" त्यांनी विचारलं.

"नाही आई."

"मग त्या भांडल्या," त्या म्हणाल्या. "आमाला साडी देतात. म्हणून आमी नाय भांडत."

*

आधार अपडेट झालं होतं. पुढच्या आठवड्यात निकेश आईला गाडीत घालून पुन्हा रजिस्टर ऑफिसात घेऊन गेला. अंकिता तोवर करंजाड्याला आईच्या खोलीत होती, आणि निकेशने तिला 'थोडे दिवस' राहू द्यायला हरकत घेतली नव्हती. साक्षीदाराला पूर्वी नाही म्हणाली होती, तेव्हा त्याने एक मित्र आणला होता. बायकोशी भांडायला त्याला वेळ नव्हता. युगांडाची पहिली मोठी ऑर्डर त्या कर्जावर अडली होती.

नंबर आला. मशीनवर तोच मुलगा होता. "आजी, आता नक्की येईल. ठेवा अंगठा."

चंद्रावतीबाईंनी उजवा हात पुढे केला, काचेवर नेला आणि तिथेच मूठ मिटली.

"आई, अंगठा," निकेश म्हणाला.

"नाय."

"नाय म्हणजे?"

"माजा वाटा मना पायजे."

निकेश हसला, तिला कळलं नसेल असं वाटून. मग वाकून समजावू लागला. घर तुझंच आहे, तुला कोण काढतंय, हे नुसतं कागदावर, बँकेसाठी. आई हलेना तेव्हा त्याचा आवाज बदलला. "आई, तिकडे त्या बायका वाट बघताहेत. विधवा आहेत. लोन नाही झालं तर त्यांचा माल मी उचलू शकत नाही. त्यांच्या पोटावर पाय देतेस तू."

ह्या बोलण्याने त्या क्षणभर डळमळल्या. ज्यांना कधी पाहिलं नाही अशा बायांची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर उमटून गेली.

"त्या बायांना इचार," त्या म्हणाल्या. "बहिणीला पोत्यामागं झोपवून घेतलेली कॉपी त्यांना चालंल काय. त्या चालंल बोलल्या तर मी अंगठा देते."

निकेश घड्याळाकडे बघू लागला.

"नाय इचारणार तू," आई म्हणाली. "तिकडं तू बोललास, बहिणीचा वाटा हाय. मी तुजंच खोटं खरं करतेय, निकेश. अर्धा नाय जमला. माजा तिसरा हाय, तो तिचा." मग मशीनवरच्या मुलाकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "तुजा खोळंबा केला रे बाबा." आणि बाहेर येऊन त्या रिक्षासाठी उभ्या राहिल्या, कारण लेकाच्या गाडीत बसायचा धीर त्यांना झाला नाही.

ह्यानंतर सगळं गोड झालं असं लिहायला मलाही आवडलं असतं. तसं झालेलं नाही. अंकिताने सोडलेला हक्क सुटला तो सुटलाच. वकील म्हणतात, आता कठीण आहे. निकेश आईशी बोलत नाही, जेवणाचं ताट खोलीत नेतो. नातलग चंद्रावतीबाईंना म्हातारपणी बुद्धी फिरली म्हणतात, आणि अंकिताला त्याहून वाईट काही म्हणतात. अंकिता अजून बोलता बोलता थांबते आणि दाराकडे बघते. मालू रात्री तिचं मनगट धरून झोपते. पूर्वीने रूथला सगळं खरं लिहून कळवलं आहे आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

पण तळमजल्याची मागची खोली उघडली आहे. किल्ली चंद्रावतीबाईंनी मागितली नाही, खुंटीवरून काढून घेतली. खोलीमागे कुंपणापर्यंत जमिनीचा एक लहानसा पट्टा आहे, बांधकामाचा राडारोडा पडलेला. परवा सकाळी त्यांनी माळ्यावरून आपल्या मिठागरातल्या जुन्या फावड्याचा दांडा काढला. त्यांच्याच हातांनी गुळगुळीत झालेला दांडा. दगडावर आपटून आपटून तो त्या परदेशी पात्यात बसवला, हलत नाही ना ते बघितलं आणि फावडं अंकिताच्या हातात दिलं.

"काय लावू?" अंकिताने विचारलं.

"काय पण लाव," आई म्हणाली. "आधी खण."

आता वाचकांना एवढंच विचारायचं आहे. तुमच्या घरातून हक्कसोडीची शेवटची साडी कोणाला गेली, आणि ती बाई आज कोणाच्या दारात उभी आहे? आठवत नसेल तर आज फोन करून विचारा. फोन उचलायला ती असेल तोवर विचारा.